नखानं तुटेल तेवढंच

तरोट्याचा शेंडा दोन बोटांत धरायचा आणि देठाला अंगठ्याचं नख लावायचं. लगेच तुटला तर टोपलीत टाकायचा. ताणला गेला, दोरा निघाला, तर सोडून पुढं जायचं. तो आता खाण्याचा राहिला नाही. नखानं तुटेल तेवढंच घ्यायचं, माझ्या धंद्याचं सगळं शिक्षण एवढंच. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, पण पोट भरलं ते या शिक्षणावर. सासूनं ते मला एका सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं करून दिलं. समजावून वगैरे नाही. मी जून देठ तोडला तेव्हा हातावर चापट मारली, झालं.

हाच नियम उलटा करून एका माणसानं आमच्या गावातल्या पोरीचं वर्ष मातीत घातलं. अंकवाल्या बाई म्हणाल्या होत्या, रानभाज्यांच्या आठवणी लिहा, सणाचा अंक आहे, लोकांना बरं वाटेल असं लिहा. लिहायला बसले तर मला दुसरं काही आठवेना. बरं वाटण्यासाठी लोकांनी बाकीचा अंक वाचावा.

मी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात रानभाजी विकते. बाजार ओळखला जातो कापसानं आणि सोयाबीननं. आमची जागा मागच्या अंगाला, गोणपाट टाकून. रानभाजी म्हणजे कुणी न पेरता उगवते ती. आखाडात तरोटा, काही लोक त्याला टाकळा म्हणतात, कुंजर, पाथरी. ओल धरलेल्या रानात घोळ. पाऊस झडून गेला की काट्याकुट्यात कर्टुली. अंबाडी पेरावी लागते, पण तिच्यासाठी कुणी वावर देत नाही, धुऱ्याला एक ओळ टाकतात. थंडीत हरभऱ्याचे शेंडे आणि करडीची कोवळी पानं. उन्हाळ्यात काही नाही, तेव्हा मी लोकांच्या कांद्यात खुरपायला जाते.

दव असताना खुडलेली भाजी सडते आणि ऊन तापल्यावर खुडलेली कोमेजते. त्यामुळं दव उडायचा आणि ऊन तापायचा मधला जो वेळ असतो तेवढाच आमचा. खुडली की ओल्या फडक्यात बांधायची. वरून पाणी मारायचं नाही. पाणी मारून ताजी दाखवणारे पुष्कळ आहेत, त्यांची भाजी घरी जाईपर्यंत काळी पडते आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, रानभाजीत काही दम नाही. आमच्याकडं तराजू नसतो. वाटे लावायचे. वाट्यात काय आहे ते गिऱ्हाइकानं हात घालून बघावं, मी ओरडत नाही.

तरोटा शिजवायचीही रीत आहे, ती सांगून ठेवते, कारण पुढं तिचं काम आहे. कोवळी पानं उकडायची, हातानं घट्ट पिळायची, हिरवं पाणी मोरीत ओतून द्यायचं. मग तेलात लसूण, मिरची, वाटलं तर तुरीची डाळ. संगं ज्वारीची भाकर. आणि पोळा झाला की तरोटा बंद. पोळ्याच्या मागंपुढं त्याला पिवळी फुलं येतात, पान जून होतं, आणि जून पान पोट झाडतं. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. हे आमच्या भागात लहान लेकराला ठाऊक असायचं. आता लहान लेकराला बिस्किटाच्या पुड्याचं नाव ठाऊक असतं.

गिऱ्हाईक बदलत गेलं तसं मी बघत गेले. आधी रानभाजी घेणारं माणूस म्हणजे ज्याच्याकडं दुसरी भाजी घ्यायची ऐपत नाही ते. टोपलीवर पदर टाकून न्यायच्या बाया, शेजारणीला दिसू नये म्हणून. आता मोटारीतून येतात. हिंगोलीचे एक रिटायर झालेले साहेब यायचे, पोट सुटलेलं, हातात कापडी पिशवी.

"मावशी, घोळ द्या. मिक्सरमधून काढतो आन् कच्चीच पितो."

"काहून? दात पडले का?"

"दात हायेत हो. वजन उतरतं म्हणतात रसानं."

त्यांच्या मंडळी मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सकाळी ह्यांचा रस, आन् संध्याकाळी ह्यांची भजी. रस बिचारा एकटा काय करंल?"

साहेब हसले आणि भज्याच्या गाड्याकडं निघून गेले. अशा माणसांचा मला राग येत नाही. ते आपल्याच पोटाला फसवतात, दुसऱ्याच्या नाही.

राग येतो तो दिगंबरचा. हे त्याचं खरं नाव नाही, पण बाजारात ज्याला कळायचं त्याला कळेल. त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. सोयाबीन आलं तसं तणनाशक आलं, आणि तणनाशक आलं तसा दिगंबर मोठा झाला. खुरपायला बाया मिळत नाहीत म्हणून लोक फवारतात, हे मला समजतं. पण वावर फवारून झालं की पंपात उरलेलं औषध धुऱ्यावर मारायचं, हे यानं शिकवलं. धुऱ्यावर आमची भाजी होती. ज्या रानात मी टोपली भरायची तिथं आता वाटाभर निघत नाही. मी त्याला एकदा दुकानावर जाऊन विचारलं, तर म्हणाला, "मावशी, ते तण हाय. तणाला कुणी रडतं का?"

बरं. आता पोरीचं सांगते. तिला इथं पल्लवी म्हणते. हे सगळं लिहू का म्हणून मी तिला विचारलं, ती म्हणाली लिहा, म्हणून लिहितेय.

पल्लवी आमच्याच गावची. बाप टेम्पो चालवतो, आई सुनीता शिवणकाम करते. पोरगी उंच, हाडापेरानं दणकट आणि अंगानं जाड. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती, डोकं चांगलं आहे. भीती धावायची होती. मी टोपली घेऊन रानाकडं निघायची तेव्हा ती शाळेच्या मैदानावर पळत असायची, आणि वडाच्या पारावर बसलेली रिकामटेकडी पोरं, "डीजेची गाडी आली, बाजूला व्हा," म्हणून ओरडायची. ती खाली मान घालून पळायची. त्या पोरांतल्या एकानंही कधी फेरी मारली नाही.

आखाडात ती माझ्याकडं आली. "आजी, वजन उतरायला कोणती भाजी खाऊ?"

मी म्हणाले, "भाजीनं वजन उतरत न्हाई. तू खातीस काय ते सांग आधी."

तिनं सांगितलं. सकाळी चहा आणि बिस्किटं, टोस्ट. दुपारी भात. क्लासहून येताना वडापाव. रात्री पुन्हा भात, पापड. भाजी म्हणजे बटाटा. हे काही तिचंच नाही, अर्ध्या गावाचं हेच आहे. ज्वारी आमच्याकडं पिकायची, तिच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीन काही ताटात येत नाही. ते जातं, आणि त्याच्या पैशात पुडे येतात.

मी तिला म्हणाले, "बिस्किट सोड. चहातली साखर निम्मी कर. दोन टायमाला भाकर खा आन् भाकरीपेक्षा भाजी जास्ती. माझ्याकडून ने न्हाईतर धुऱ्यावरून खूड, पर हिरवी पाहिजे, आन् तेलात पोहणारी नको."

"मंग कवा उतरंल?"

"जसं चढलं तसं. सवकाशी."

तिनं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. सुनीता दर बाजारी वाटे न्यायची. तरोटा, घोळ, कण्या घालून अंबाडी. पोळ्यापर्यंत पोरीची सलवार सैल झाली. फार नाही, पण मैदानाच्या दोन फेऱ्या ती न थांबता मारायला लागली. पारावरची पोरं तशीच ओरडत होती, फक्त आता ती मान वर करून पळायची. हे मी डोळ्यांनी बघितलं. भाजीनं झालं, भाकरीनं झालं, बिस्किट सुटल्यानं झालं की पळण्यानं, ते मला सांगता येणार नाही. ज्याला सांगता येतं असं म्हणतो त्याच्यापासून लांब राहावं.

त्याच श्रावणात तालुक्याला रानभाज्यांचं प्रदर्शन भरलं होतं. आम्हा बायांना टेबलं दिली, वर पांढरं कापड. तिथं एक आहाराच्या मॅडम बोलल्या. बाई चांगली होती, समजेल असं बोलली. झाडाला पाय नाहीत, कीड आली तर पळून जाता येत नाही, म्हणून ते आपल्या अंगात कडू, तुरट, आंबट, रंगीत असे पदार्थ तयार करतं. ते आपण भाजीतून खातो. हळदीचा पिवळा, आवळ्याचा तुरट, मेथीचा कडू, तशातलेच. शास्त्रज्ञांनी उंदरांना देऊन बघितलं, तर काही पदार्थांनी अंगात चरबी साठायचं कमी झालेलं दिसलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे असं खाणं रोज असलं तर लठ्ठपणा टाळायला मदत होऊ शकते. पण माणसाचं अजून पक्कं ठरलेलं नाही. अर्क, गोळ्या यांच्या मागं लागू नका. भाजी भाजी म्हणूनच खा, आणि आपल्या रीतीनं शिजवून खा."

मला ते पटलं. मी तरोट्याचं पाणी पिळून टाकायचं विचारलं, तर त्या म्हणाल्या की बाकीच्या भाज्यांचं पाणी टाकू नका, तरोट्याचं मात्र टाका, त्यात पोट झाडणारे पदार्थ असतात आणि जून पानात ते जास्त. म्हणजे सासूची चापट आणि मॅडमचं शास्त्र एकच निघालं. मी खुशीत घरी आले.

दिगंबरही तिथं होता. पुढच्या रांगेत बसून मोबाईलवर मॅडमचं बोलणं भरून घेत होता. मला वाटलं, धुऱ्याची लाज वाटली असेल. माणसाला असं वाटतं कधीकधी.

भादव्यात तो माझ्या घरी आला. पहिल्यांदाच. चहासुद्धा घेतला.

"मावशी, तरोटा पाहिजे. पोत्यानं."

"आता? फुलं आलीत त्याला."

"म्हनूनच तर. आता झाडं मोठाली हायेत, कापून वाळवायला सोपी."

"दिगंबर, जून तरोटा खात न्हाईत. जुलाब लागतात."

"लई लागतात का?"

"लई म्हंजे? माणूस दोन दिवसांत निम्मं हुतं. आमच्या सासऱ्याचं पोट गच्च झालं की सासू मुद्दाम दोन पानं द्यायची. दोन. त्याच्या वर न्हाई."

तो कप खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, घाबरला. तो घाबरला नव्हता. त्याला त्याचा माल सापडला होता. माणूस दोन दिवसांत निम्मं होतं, हे मी इशारा म्हणून सांगितलं आणि त्यानं ती जाहिरात म्हणून ऐकली. यात माझी चूक आहे असं मला कुणीतरी म्हणालं. मी ते मानत नाही. विहिरीला कठडा नाही हे सांगणाऱ्याचा दोष नसतो.

मी त्याला पानसुद्धा दिलं नाही. त्यानं पुसेगावकडून पोती आणली. रस्त्याच्या कडेची झाडं, धुळीनं माखलेली, त्यातली किती फवारलेली देव जाणे. वाळवली, चक्कीतून काढली, हिरवी पुडी केली. आम्ही जे पिळून मोरीत टाकतो ते यानं पुडीत भरलं. आणि मोबाईलवर मॅडमचं बोलणं लावलं, "लठ्ठपणा टाळायला मदत होऊ शकते," इथपर्यंत. "पण" यायच्या आत तोडलं. दसऱ्याला बाजारात त्याचं टेबल लागलं, माझ्या गोणपाटाच्या समोरच. वर पाटी, चरबी घटवा, आठवड्यात फरक. टेबलापुढं वजनाचा काटा.

तो काटाच खरा चोर. बाई या बाजारी उभी राहायची, पुडी न्यायची, पुढच्या बाजारी पुन्हा उभी राहायची. आकडा खाली. असणारच. आठवडाभर ज्याचं पोट झडतंय त्याच्या अंगातलं पाणी जातं, चरबी जागेवर असते. पण काटा पाणी आणि चरबी वेगळं सांगत नाही. बाया त्याच्या पाया पडायच्या बाकी होत्या. यानं आधी तण मारायचं औषध विकलं, आता तणच औषध म्हणून विकायला लागला. आणि माझ्याकडं यायच्या त्याच बाया वाटे सोडून समोर उभ्या.

सुनीताही दिसली. मी तिला हाक मारली.

"काय गं, तिकडं काय घेऊन राहिली?"

"मावशी, भरतीची तारीख आली. तुमच्या भाजीनं उतरून राहिलंय, पर लई सावकाश. पोरीला घाई हाय."

"त्यात जून तरोटा हाय. पोरीचं पोट जाईल."

"त्यांच्याकडं मॅडमचं बोलणं हाय मोबाईलवर. तुमी काय, तुमचं गिऱ्हाईक तुटलं म्हनून बोलता."

ती हे बाजारात, चार माणसांत म्हणाली. मी वाट्यांकडं वळले. माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसावा? समोरच्याच्या भाजीला नावं ठेवणारी भाजीवाली मीही ऐकून घेतली नसती. त्यांच्या घरी जाऊन पल्लवीला सांगावं म्हणून गेले, तर पोरगी क्लासला. दुसऱ्यांदा गेले तर दारातूनच म्हणाली, "आजी, उतरून राहिलंय खरंच. भरतीपुरतंच घेते, मंग बंद." डोळे खोल गेलेले. ओठ सुकलेले. मी म्हणाले, "तोंड बघ तुझं." ती म्हणाली, "बारीक झालंय ना?"

भरतीचं मैदान हिंगोलीला होतं. मी तिथं नव्हते, तिनंच मला नंतर सांगितलं. पहिल्या फेरीला ती पुढच्या पोरींत होती. दुसरीला पायात गोळे आले. ती थांबली नाही. मग पोटात कळ आली आणि धावता धावता कपडे खराब झाले. तिला कळलं, मागच्या पोरींना कळलं, कडेला उभ्या माणसांना कळलं. ती तरी पळत राहिली आणि शेवटच्या वळणावर पडली.

दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आणि क्षार गेलेत, काय घेत होती? सुनीता म्हणाली, काही नाही, ऊन लागलं. थंडीच्या दिवसांत ऊन. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं पुडी काढून दिली. त्यांनी ती हुंगून बघितली. मग म्हणाले, वेळेत आणली.

गावात मात्र ऊनच सांगितलं. चक्कर आली, पडली. कपड्यांचं कुणालाच सांगितलं नाही. पोरगी घराबाहेर पडेना. मैदान रिकामं. पारावरच्या पोरांना ओरडायला कुणी उरलं नाही.

मला खरं कळलं ते सुनीता येऊन रडली तेव्हा. उरलेली पुडी तिच्या हातात होती. मी ती मागून घेतली.

पुढच्या बाजारी मी गोणपाट टाकायच्या आधी दिगंबरच्या टेबलापुढं गेले. तांब्यात पाणी घेतलं, अख्खी पुडी त्यात ओतली, काडीनं हलवलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. बाजार भरला होता.

"पी."

"काय झालं मावशी?"

"तुझा माल हाय. तू पी."

"मला काहून? मी बारीकच हाय की."

"जिभेला चढलीय तुझ्या चरबी. ती उतरंल."

लोक हसले. तोही हसला. तांब्याला हात लावला नाही. मी म्हणाले, पिलास तर मी बाजारात बसायचं सोडते. त्यानं तांब्या बाजूला सरकवला आणि पुढच्या बाईला काट्यावर चढायला सांगितलं. पण सगळ्यांनी बघितलं की तो पिला नाही. मी जागेवर येऊन बसले. मला वाटलं, संपला हा.

त्याच्या पुढच्या बाजारी त्याच्याकडं गर्दी दुप्पट. मी कान देऊन ऐकलं. एक बाई दुसरीला सांगत होती, "लई जोरदार माल हाय म्हनं. त्याचा त्यालाच झेपत न्हाई."

मी हसले नाही. मला लोकांचा एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. दिगंबरला निदान पैसे मिळत होते. या बायांना काय मिळत होतं? वर्षानुवर्षं पोटात कचरा टाकायचा आणि आठवड्यात तो उतरवायला दुसरा कचरा टाकायचा. मधल्या काळात भाकर खा म्हटलं तर म्हणायच्या, भाकर थापायला वेळ कुणाला आहे. मी त्या दिवशी सुनीताच्या घरी जाऊन तिला हे सगळं सांगितलं, तोंडाला येईल ते बोलले. पल्लवी आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं हे मला नंतर कळलं.

त्यानंतरच्या बाजाराला मी वाटे लावत होते. करडीची भाजी होती, हरभऱ्याचे शेंडे होते. मान वर केली तर पल्लवी दिगंबरच्या टेबलापाशी उभी. पळायचे बूट, पळायची पँट. पडल्यापासून ती पहिल्यांदा बाहेर निघाली होती. काट्यावर एक बाई चढत होती, तिच्यासंगं तिची तरणी सून. पल्लवी त्यांना म्हणाली, "काकू, हे घेऊ नका. मी घेतलं होतं."

दिगंबर म्हणाला, "ए पोरी, तू पथ्य पाळलं नसशील."

"पथ्य कोणतं सांगितलं होतं तुमी?"

"तुला ऊन लागलं, तुझी आईच सांगते."

मला वाटलं, पोरगी निघून जाईल. ती जागची हलली नाही. आवाज बारीक होता, पण शेजारच्या मिरचीवालीपर्यंत पोचला.

"ऊन न्हाई लागलं. माझं पोट सुटलं होतं. मैदानावर समद्यांदेखत कपडे खराब झाले माझे. ह्यांच्या पुडीनं."

तांब्या पुढं करून मी जे केलं तो तमाशा होता, लोकांनी तमाशासारखा बघितला. हे तसं नव्हतं. बाजारात उभं राहून असं कुणी सांगत नाही, फसवायला तर मुळीच नाही. ती बाई काट्यावरून खाली उतरली. सुनेचा हात धरला आणि गेली. पल्लवी तिथंच उभी राहिली. पुढची बाई आली, तिला तेच सांगितलं. त्याच्या पुढचीला पुन्हा तेच. पारावरची दोन पोरं बाजारात फिरत होती, तीही ऐकत उभी होती. ओरडलं कुणी नाही.

दुपारच्या आत दिगंबरनं टेबल मिटलं. जाताना मला म्हणाला, "मावशी, तुमीच शिकवून पाठवली."

मी म्हणाले, "मी शिकवलेलं ऐकलं असतं तर ती पडलीच नसती."

पोरगी माझ्या गोणपाटावर येऊन बसली. मी हरभऱ्याच्या शेंड्यांचा ढीग तिच्यापुढं ओढून दिला. ती निवडायला लागली. नख लावून. जून शेंडा बाजूला, कोवळा वाट्यात.

आता ती रोज पळते. पुन्हा भाकर-भाजीवर आहे, पुन्हा सावकाश आहे. एक वर्ष गेलं ते गेलं, ते कुणी भरून देणार नाही. परवा तिनं विचारलं, "आजी, येत्या भरतीला व्हईल का माझं?"

मी म्हणाले, "होऊ शकतं."

"एवढंच?"

"त्याच्या वरचं सांगणारा बघितलास ना तू?"

तिनं पळायचे बूट पुढं ओढले. मग म्हणाली की दिगंबर आता आखाडा बाळापूरच्या बाजारात बसतो, तिथं त्याला कुणी ओळखत नाही, आणि गर्दी चांगली असते असं मैत्रिणीनं सांगितलं. मग बूट बांधत विचारलं, "बाळापूरला इथून कोणती गाडी जाती?"

मी कधी जवळ्याचा बाजार सोडून दुसऱ्या बाजारात बसले नाही. तिथली जागा मला माहीत नाही, गिऱ्हाईक माहीत नाही. पण फडकं भिजवून ठेवलं आहे. त्याच्या टेबलासमोर एक गोणपाट मावेल एवढी जागा असेलच.